जपानमध्ये शिकवायला जाताय? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

जपानच्या शाळांत इंग्रजीचे सहायक शिक्षक म्हणून जाणारी मराठी मुलं-मुली आणि त्यांचे आई-वडील यांच्याकडून आलेल्या प्रश्नांची उत्तरं या वेळी देत आहोत. या सहायक शिक्षकाला तिथे 'एएलटी' म्हणतात. उत्तरं वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. जपानमध्ये नियमांपेक्षा तारखा माणसाला जास्त अडवतात. शाळेचं जेवण बंद करायचं असो, रेल्वेत जागा हवी असो की कर भरायचा असो, त्याची वेळ आपल्याला वाटते त्याच्या बरीच आधी येऊन गेलेली असते.

प्रश्न : मुलगी एप्रिलपासून तिकडे रुजू होते आहे. मिक्सर, कुकर, मसाले, औषधं यातलं काय बरोबर द्यावं? (एक आई, पुणे)

मिक्सर देऊ नका. जपानमध्ये घरातली वीज १०० व्होल्टची असते. आपला २३० व्होल्टचा मिक्सर तिथे लावला तर नुसता घुरघुरतो, चटणी वाटली जात नाही. व्होल्टेज वाढवणारा ट्रान्सफॉर्मर मिळतो, पण ७५० वॉटच्या मिक्सरला सुरू होतानाचा झटका धरून निदान १५०० वॉटचा लागतो. तो चांगलाच जड असतो आणि भिंतीतल्या एका सॉकेटची मर्यादाही तेवढीच, १५०० वॉट, असते. अमेरिकेसाठी बनवलेला ११० व्होल्टचा भारतीय मिक्सर मिळाला तर तो जरूर द्या. १०० व्होल्टवर त्याचा जोर थोडा कमी पडतो, पण काम होतं. त्याचा प्लग तीन पिनांचा असतो आणि जपानी सॉकेट दोन चपट्या पिनांचं, म्हणून अॅडॉप्टर सोबत ठेवा.

कुकर द्या, पण घरात गॅस आहे की इंडक्शन ते आधी विचारून घ्या. इंडक्शनला तिथे 'आयएच' म्हणतात आणि त्यावर अॅल्युमिनियमचा कुकर तापतच नाही, स्टीलचा, इंडक्शनवर चालणाऱ्या बुडाचाच लागतो. जास्तीची एक रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह आठवणीने टाका, तिकडच्या साध्या दुकानांत ते मिळत नाहीत. भाड्याच्या पुष्कळ घरांत शेगडी नसते, ती आपण विकत घ्यायची असते. घेण्यापूर्वी घरात 'तोशी गासु' म्हणजे पाइपाचा शहरी गॅस आहे की प्रोपेन, हे घरमालकाकडून कळलं पाहिजे. दोन्हींच्या शेगड्या वेगळ्या असतात आणि एकीची दुसऱ्या गॅसला लावणं धोक्याचं आहे.

भाकरी, पोळी करणाऱ्यांना आणखी एक गोष्ट तिथे गेल्यावर कोड्यात टाकते. जपानी बर्नरच्या मधोमध स्प्रिंगवरचं एक बटण असतं. ते तव्याच्या बुडाला टेकून तापमान मोजतं. तवा साधारण २५० अंशांवर गेला की आच आपोआप बारीक होते आणि नेमकी पहिली भाकरी टाकावी तेव्हा ज्योत बसते. शेगडी बिघडली असं वाटतं, पण आग लागू नये म्हणून केलेली ती सोय आहे. २००८ पासून घरगुती शेगड्यांच्या प्रत्येक बर्नरला ती सक्तीची आहे. बऱ्याच शेगड्यांवर 'सेन्सा काइजो' असं बटण असतं. ते तीन सेकंद दाबून धरलं की मर्यादा थोडी वर जाते आणि भाकरी नीट भाजते. फुलका थेट ज्योतीवर फुगवायचा विचार मात्र सोडून द्यावा, जाळी घ्यावी.

कंपनीचे सीलबंद, दळलेले मसाले चालतात. ताज्या मिरच्या आणि आंबे देऊ नका. ताजा कढीपत्ता, कच्ची डाळ, तांदूळ यांना वनस्पती तपासणीचा दाखला लागतो, तो नसेल तर माल विमानतळावरच ठेवून घेतात. मांस असलेला कुठलाही पदार्थ नेऊ नये. डाळ-तांदळाची काळजी नको, तोक्योतल्या निशी-कासाइ भागातली भारतीय दुकानं घरपोच पाठवतात.

औषधांचं मात्र काटेकोर पाळा. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं एका महिन्याची आणि बिनचिठ्ठीची दोन महिन्यांची, एवढीच परवानगीशिवाय नेता येतात. त्याहून जास्त हवी असतील तर 'युन्यू काकुनिन-शो' हे पत्र निघण्याआधी जपानच्या आरोग्य खात्याकडून मागवायचं असतं. सर्दीच्या ज्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त आहे त्या जपानमध्ये बेकायदा आहेत, मग चिठ्ठी असो वा नसो. कोडीन असलेलं खोकल्याचं औषधही नेऊ नका.

प्रश्न : पोचल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत कागदपत्रांचा क्रम कसा ठेवावा? (एक शिक्षिका, नाशिक)

मोठ्या विमानतळावर उतरताच 'झाइर्यू कार्ड', म्हणजे रहिवासाचं ओळखपत्र, हातात मिळतं. त्यावर पत्ता नसतो. घरात राहायला गेल्यापासून १४ दिवसांच्या आत नगरपालिकेत जाऊन कार्डाच्या मागे पत्ता छापून घ्यायचा. तो छापला गेल्याशिवाय बँक, फोन, काहीच पुढे सरकत नाही. मग मोबाइल, मग बँक. बँकेला फोन नंबर हवा असतो आणि फोनवाल्यांना पैसे भरायची सोय, म्हणून भारतातलं आंतरराष्ट्रीय क्रेडिट कार्ड चालू ठेवा. नव्याने आलेल्यांना टपाल खात्याची 'यूचो' बँक त्यातल्या त्यात सोपी पडते.

मराठी माणसाची खरी अडचण नावात होते. आपल्या पासपोर्टवर बहुधा वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं. ते सगळं कार्डावर तसंच येतं, आडनाव आधी. बँकेत तेच नाव काताकाना या परदेशी नावांसाठीच्या जपानी लिपीत लिहावं लागतं, आणि तिथे पंचाईत होते. जपानीत ल आणि र वेगळे नाहीत, व चा ब होतो. 'वैशाली' कोणी 'बाइशारी' लिहील, कोणी 'वाइशारी'. पगाराच्या फॉर्मवर एक आणि बँकेत दुसरं झालं की पगार जमा न होता परत जातो. कारण पैसे पाठवताना संगणक खातेदाराचं नाव अक्षर न् अक्षर जुळवून पाहतो. म्हणून विमानात बसण्याआधीच पूर्ण नावाचं काताकाना ठरवा, कागदावर लिहून पाकिटात ठेवा, आणि पालिका, बँक, शाळा, विमा, फोन, सगळीकडे तेच द्या.

प्रश्न : मी शाकाहारी आहे. शाळेतलं जेवण मुलांबरोबरच घ्यावं लागतं असं ऐकलं. कसं निभवावं? (एक शिक्षक, सांगली)

शाळेच्या जेवणाला 'क्यूशोकु' म्हणतात. प्राथमिक शाळांत आणि बहुतेक कनिष्ठ माध्यमिक शाळांत ते मिळतं. शिक्षकही पैसे भरून तेच जेवतात. एखाद्या दिवशी मांस दिसलं नाही म्हणून जेवण शाकाहारी समजू नका. मिसो सूप, उकडलेल्या भाज्या, अंड्याची वडी, सगळ्यात 'दाशि' असतं. दाशि म्हणजे बहुधा कात्सुओ नावाच्या सुकवलेल्या माशाचं पाणी. आपल्याकडे फोडणी जशी गृहीत धरतात, तसं तिकडे दाशि. मांस नाही ना, असं विचारलं तर समोरचा माणूस प्रामाणिकपणे नाही म्हणेल, कारण त्याच्या लेखी माशाचं पाणी म्हणजे मांस नव्हेच.

पहिल्याच आठवड्यात उपमुख्याध्यापकांना, म्हणजे क्योतो-सेन्सेइंना, सांगा. शिक्षकांच्या खोलीचा कारभार तेच पाहतात. वाक्य असं : 'निकु मो साकाना मो ताबेमासेन. दाशि मो दामे देसु.' मांसही नाही, मासेही नाही, दाशिही चालत नाही. डबा आणायची परवानगी मागा. जेवणाची ताटं महिन्याच्या हिशेबाने आधी मोजली जातात, त्यामुळे 'उद्यापासून नको' म्हटलं तर त्या महिन्याचे पैसे बहुधा जातात. पुढच्या महिन्यापासून बंद करा. काही शाळांत नुसतं दूध चालू ठेवता येतं, २०० मिलिलिटरची बाटली किंवा खोका.

डबा वर्गात मुलांबरोबर खाल्लात तर मुलं कुतूहलाने बघतील, मागतीलही. त्यांना घासभरसुद्धा देऊ नका. अॅलर्जीच्या धोक्यामुळे शाळा याबाबत फार कडक असतात आणि त्यात त्यांचं चुकत नाही.

दुकानातल्या पाकिटांवर अॅलर्जीचा तक्ता असतो, त्यावर विसंबू नका. त्यात अंडं, दूध, गहू, सोबा (कुट्टू), शेंगदाणा, कोळंबी, खेकडा, अक्रोड असे मोजकेच पदार्थ सक्तीचे आहेत. मासा त्यात नाही, डुकराची चरबीही नाही. त्यासाठी घटकांची पूर्ण यादीच वाचावी लागते. कात्सुओ, ग्योकाइ (मासे-शिंपले), पोकु एकिसु (डुकराच्या मांसाचा अर्क), रादो (लार्ड, म्हणजे डुकराची चरबी) आणि झेराचिन (जिलेटिन), हे पाच शब्द जपानी लिपीत कसे दिसतात ते फोनमध्ये साठवून ठेवा. करीच्या तयार वड्यांत गाय किंवा डुकराची चरबी असणं अगदी नेहमीचं आहे. पाव घेतानाही पाहावं.

प्रश्न : कचऱ्यावरून शेजाऱ्यांशी वाद होतात, हे खरं का? (एक वाचक, ठाणे)

खरं आहे, आणि कारण साधं आहे : चुकीच्या दिवशी ठेवलेली पिशवी गाडी उचलत नाही, त्यावर लाल चिठ्ठी लावून जाते, मग कावळे ती फोडतात आणि साफ करायची पाळी शेजाऱ्यांवर येते. पालिकेत पत्ता नोंदवायला जाल तेव्हाच कचऱ्याचं वेळापत्रक मागा. बऱ्याच गावांत ठरावीक पिशव्याच चालतात. पिशवी त्याच दिवशी सकाळी ८ च्या आत, जाळीखाली ठेवायची. आदल्या रात्री नाही. जुनी गादी, कपाट वगैरे टाकायचं तर फोन करून दिवस ठरवायचा आणि दुकानातून पैसे देऊन त्याचं स्टिकर घ्यायचं.

प्रश्न : दुसऱ्या वर्षी हातात येणारा पगार कमी झाला. शाळेने कापला का? (एक शिक्षक, सध्या जपानमध्ये)

शाळेने नाही. हा 'जूमिन्झेइ', म्हणजे रहिवासी कर. तो आदल्या वर्षीच्या कमाईवर लागतो आणि जूनपासून पुढच्या मेपर्यंत महिन्याला कापतात. पहिल्या वर्षी जपानमधली आदल्या वर्षाची कमाईच नसते, म्हणून काही कापत नाहीत आणि माणूस तोच पगार खरा धरून चालतो. कर करपात्र उत्पन्नाच्या १० टक्क्यांच्या आसपास येतो. वर्षाला ३६ लाख येन मिळवणाऱ्या एकट्या माणसाला महिना साधारण १२ ते १३ हजार येन पडतात. पहिल्या महिन्यापासून तेवढे बाजूला टाकायची सवय लावा.

याचाच दुसरा भाग जाताना त्रास देतो. १ जानेवारीला तुमचा पत्ता जपानमध्ये असेल तर आदल्या वर्षीचा कर तुम्ही देणं लागता, मार्चमध्ये देश सोडलात तरी. तेव्हा निघण्याआधी भरून टाका किंवा कर भरणारा प्रतिनिधी पालिकेत नोंदवा.

जपानमध्ये पेन्शनसाठी कापलेले पैसे परत मिळतात का, असंही काही जण विचारतात. मिळतात. सहा महिने किंवा जास्त भरलं असेल तर देश सोडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा. जास्तीत जास्त पाच वर्षांचीच रक्कम धरतात आणि त्यातून २०.४२ टक्के कर आधीच कापतात. मात्र भारत आणि जपान यांच्यात १ ऑक्टोबर २०१६ पासून सामाजिक सुरक्षेचा करार लागू आहे, त्यात दोन्हीकडची वर्षं एकत्र धरता येतात. पैसे काढून घेतले की ती वर्षं गेली. पुन्हा जपानला जायचा विचार असेल तर घाई करू नका.

प्रश्न : दिवाळीला घरी येता येईल का? (एक शिक्षिका, कोल्हापूर)

हक्काची रजा असेल तर येता येईल, पण दिवाळी दुसऱ्या सत्राच्या ऐन मध्यात पडते आणि ते सत्र वर्गांनी, कार्यक्रमांनी भरलेलं असतं. सुट्टी सोपी पडते ती २५ डिसेंबर ते ७ जानेवारीच्या सुमारास. शाळा बंद म्हणजे शिक्षकांना सुट्टी असं मात्र नाही, मुलं नसली तरी शाळेत हजेरी लावावी लागते किंवा रजा टाकावी लागते. काही खाजगी कंपन्यांमार्फत नेमलेल्यांना ऑगस्टचा पगार कमी मिळतो, ते करारात आधी पाहून घ्या.

देशाबाहेर पडताना विमानतळावरच्या कार्डावर 'पुन्हा येणार' या अर्थाचा चौकोन भरायला विसरू नका. तो भरला नाही तर राहण्याचा परवाना तिथेच संपतो. भरला तर एक वर्षाच्या आत परतता येतं.

आणि परतताना शिक्षकांच्या खोलीसाठी खाऊ न्यावाच, तशी तिथली रीत आहे. डोकी मोजून न्या, आणि प्रत्येक नग वेगळा गुंडाळलेला हवा. उघड्या डब्यातला लाडू कोणी उचलणार नाही. वेगळ्या पुड्यांतली लोणावळ्याची चिक्की प्रत्येकाच्या टेबलावर ठेवता येते.

प्रश्न : गोल्डन वीक आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत स्वस्तात फिरायचं कसं? जपान रेल पास घ्यावा का? (एक शिक्षक, नागपूर)

तो पास तुम्हाला मिळणारच नाही. तो थोड्या दिवसांच्या पाहुण्यांसाठी आहे, नोकरीच्या व्हिसावर राहणाऱ्यांसाठी नाही. पासपोर्ट भारतीय असला तरी.

गोल्डन वीक म्हणजे २९ एप्रिल आणि ३, ४, ५ मे या सुट्ट्या. रविवारी आलेली सुट्टी पुढच्या मोकळ्या दिवसावर जाते. २०२६ मध्ये ३ मे रविवारी येतो, म्हणून ६ मे बुधवारीही सुट्टी, सलग पाच दिवस. त्याच वर्षी १९ ते २३ सप्टेंबरही सलग मिळतात. अशा दिवसांत अख्खा देश बाहेर पडतो. शिन्कान्सेनची, म्हणजे बुलेट ट्रेनची, आरक्षणं प्रवासाच्या बरोबर एक महिना आधी सकाळी १० वाजता उघडतात. गोल्डन वीक, ओबोन (ऑगस्टमधला पूर्वजांचा सण) आणि नवीन वर्ष या गर्दीच्या काळात नोझोमि या सर्वांत जलद शिन्कान्सेन गाड्यांना बिनआरक्षणाचे डबे नसतात, म्हणजे आयत्या वेळी चढून जागा शोधायची सोय संपली. मोठी बॅग असेल, लांबी-रुंदी-उंची मिळून १६० सेंटिमीटरच्या वर, तर सामानाच्या जागेसह सीट घ्यावी लागते.

वेळ आहे आणि पैसे वाचवायचे आहेत, अशांसाठी 'सेइशुन जूहाचि' तिकीट उत्तम. नावात अठरा असलं तरी वयाची अट नाही. तीन दिवसांचं १०,००० येन, पाच दिवसांचं १२,०५० येन. जेआर, म्हणजे जपानच्या मुख्य रेल्वेच्या, साध्या आणि जलद गाड्यांत कितीही फिरा, शिन्कान्सेन आणि एक्स्प्रेस सोडून. २०२४ च्या हिवाळ्यापासून यात दोन बदल झाले : दिवस सलग वापरावे लागतात आणि एकाच माणसाला चालतं. पूर्वी पाच मित्र एकाच तिकिटावर एक दिवस जात, ते आता नाही. जुन्या प्रवासवर्णनांवर जाऊ नका. आणखी एक खोच अशी की शिन्कान्सेन सुरू झाल्यावर काही जुने मार्ग जेआरकडून स्थानिक कंपन्यांकडे गेले आहेत. कानाझावाच्या आसपास असं झालं आहे. तिथे वेगळं भाडं पडतं.

आमचा सल्ला असा : ओबोनच्या दिवसांत, ११ ते १६ ऑगस्टला, घरीच थांबा किंवा मोठ्या शहरातच राहा, कारण तेव्हा लोक गावाकडे गेलेले असतात. लांबची सहल २० ऑगस्टनंतर, आठवड्याच्या मधल्या दिवसांत करा. खोल्यांचे दर तेव्हा उतरलेले असतात आणि शाळा अजून उघडायच्या असतात.

प्रश्न : फुजी चढायचा आहे. आम्ही सह्याद्रीत नेहमी फिरतो. वेगळं काय लागतं? (दोन मैत्रिणी, पुणे आणि ओसाका)

उंची. कळसूबाई १,६४६ मीटर आहे, फुजी ३,७७६. बसने २,३०० मीटरवरच्या पाचव्या टप्प्यावर उतरून लगेच चालायला लागलं की डोकं दुखतं, मळमळतं. तिथे एक तास नुसतं बसा, पाणी प्या, मगच निघा. मोसम जुलैच्या सुरुवातीपासून १० सप्टेंबरपर्यंत. २०२५ पासून चारही वाटांना ४,००० येन शुल्क आहे आणि दुपारी २ ते पहाटे ३ या वेळात डोंगरावरच्या झोपडीत आरक्षण असल्याशिवाय वर सोडत नाहीत. रात्रभर न झोपता चढून सूर्योदय गाठणाऱ्यांना अपघात होत, म्हणून हा नियम. पोंचो नको, वाऱ्याने उडतो. पँट आणि जॅकेट वेगळे असलेला रेनकोट हवा. ऑगस्टमध्येही शिखरावर पहाटे शून्याच्या जवळ जातं. डोक्यावरची विजेरी, दोन लिटर पाणी, आणि शौचालयासाठी १०० येनची नाणी.

सगळ्यात जास्त फसगत उतरताना होते. योशिदा आणि सुबाशिरि या वाटा आठव्या टप्प्यापर्यंत एकत्र उतरतात आणि मग फुटतात. धुक्यात, दमलेल्या पायांनी, माणूस पुढच्याच्या मागे जातो आणि डोंगराच्या दुसऱ्या बाजूला निघतो. तिथून आपली बस गाठायला टॅक्सीला हजारो येन पडतात. पाट्यांचा रंग पाहा : योशिदा पिवळी, सुबाशिरि लाल, गोतेंबा हिरवी, फुजिनोमिया निळी.

प्रश्न : आई-बाबा दहा दिवसांसाठी येत आहेत. दोघंही शाकाहारी, आईचे गुडघे दुखतात. गर्दीची नाही अशी एक जागा सुचवा. (एक शिक्षिका, सध्या ओसाकाजवळ)

कोयासान. वाकायामा प्रांतातलं, ८०० मीटरच्या आसपास उंचीवरचं देवळांचं गाव, नवव्या शतकात कूकाइ या भिक्षूने वसवलेलं. ओसाकाच्या नांबा स्टेशनवरून नांकाइ रेल्वेने गोकुराकुबाशि, तिथून पाच मिनिटांची केबल कार, मग बस. केबल कारच्या स्टेशनपासून गावाकडचा रस्ता फक्त बसचा आहे, त्यावर चालायला बंदी आहे, म्हणून बस सोडू नका. आई-बाबांना जपान रेल पास मिळू शकतो, पण सात दिवसांचा ५०,००० येनचा पास तोक्यो-ओसाका जाण्या-येण्याच्या साधारण २८ हजारांत वसूल होत नाही, आणि नांकाइवर तो चालतही नाही.

मुक्काम देवळातच करा. ५० च्या आसपास देवळं पाहुणे ठेवतात. इथलं जेवण 'शोजिन र्योरि', भिक्षूंचं जेवण : मांस, मासे, कांदा, लसूण काही नाही, आणि दाशिसुद्धा समुद्री शैवालाचं आणि सुकवलेल्या मशरूमचं. जपानमध्ये आईने निर्धास्तपणे जेवावं अशी जागा हीच. तिळाचं 'गोमा दोफु' नावाला टोफू, पण त्यात सोयाबीन नाही, तिळाचं दूध आणि कुझु नावाच्या कंदाचं पीठ घोटून करतात. जिभेवर ते खरवसासारखं लागतं. कंदमुळं न खाणाऱ्यांनी मात्र आधी कळवावं, गाजर, मुळा, कमळकाकडी असतेच. संध्याकाळी ५ च्या आत पोचा, जेवण ५:३० ते ६ ला वाढतात, उशीर झाला तर ठेवत नाहीत. निजणं जमिनीवर असतं. आरक्षण करतानाच गुडघ्यांचं सांगून जेवायला आणि सकाळच्या प्रार्थनेला 'इसु', म्हणजे खुर्ची, मागून ठेवा.

ओकुनोइनची, म्हणजे कूकाइच्या समाधीकडे जाणारी, वाट इचिनोहाशि पुलापासून दोन किलोमीटर आहे, उंच देवदारांतून, दोन लाखांहून जास्त समाध्यांच्या मधून. आईला तेवढं चालवत नसेल तर बसने पुढच्या थांब्यावर उतरा, अर्धीच वाट उरते. गोब्योबाशि पुलापलीकडे फोटो काढायचे नाहीत, टोपी काढायची.

आणि कोयासान विद्यापीठात जरूर जा. तिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे, सप्टेंबर २०१५ मध्ये महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. विद्यापीठ गावाच्या मध्यभागी आहे, देवळातून चालत जाता येतं. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पानं लाल होतात आणि तेव्हा खोल्या महिनोन् महिने आधी भरतात. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात सहज मिळतात, पण तेव्हाही रात्री स्वेटर लागतो.